व्यवसाय शिक्षणात पीएच.डी.: आयटीआय आणि तंत्रनिकेतनातल्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

मी मूळचा फिटर. आयटीआय केलं, मग डिप्लोमा, मग आयटीआयमध्येच फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, झालो. नोकरी सांभाळून पदवी, शिक्षणशास्त्रात एम.ए. आणि त्याच विषयात पीएच.डी. केली. तेव्हापासून दर प्रवेशाच्या हंगामात फोन येतात आणि प्रश्न तेच असतात. म्हणून ते एकदा लिहून काढले. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीची आहेत. जिथं मी स्वतः ठेचा खाल्ल्या तिथं जास्त बोललोय.

‘व्यवसाय शिक्षण’ या नावाची पीएच.डी. असते का?

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पदवी मिळते ती ‘शिक्षणशास्त्र’ या विषयात. व्यवसाय शिक्षण हा तुमच्या प्रबंधाचा विषय असतो, पदवीचं नाव नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 2016 नुसार विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. शिक्षणशास्त्र या चौथीत येतं. अर्ज भरताना पुष्कळजण ते मानवविज्ञानात शोधत बसतात आणि ‘विषयच दिसत नाही’ म्हणून फोन करतात.

अमेरिकेत हा वेगळा प्रांत आहे. तिथं 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं शाळांतल्या व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा सुरू झाला, त्यातून हे शिक्षक तयार करणारे विभाग वाढले आणि पुढं डॉक्टरेटही आली. जर्मनीत व्यवसाय शिक्षणशास्त्राची स्वतंत्र अध्यासनं आहेत. आपल्याकडं तंत्रशिक्षकांसाठी भोपाळ, चंदीगड, चेन्नई आणि कोलकाता इथं राष्ट्रीय संस्था आहेत. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळकडं येतात. भोपाळलाच एनसीईआरटीची पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे, 1993 पासून. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं व्यवसाय शिक्षणाचं वेगळं स्कूल काढलं. या संस्थांची प्रकाशनं वाचा, तिथल्या लोकांशी बोला. प्रवेश मात्र जवळच्या विद्यापीठात घेतला तरी काही बिघडत नाही.

पात्रता काय लागते?

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 7 नोव्हेंबर 2022 चे नियम चालतात. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांगांना 5 टक्क्यांची सवलत. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर पदव्युत्तर पदवीशिवायही दार उघडं आहे. एम.फिल. बंद झालं.

मी बी.ई. आहे. शिक्षणशास्त्रात येऊ शकतो का?

येऊ शकता, पण वाट बघून चाला. चार वर्षांची पदवी आणि 75 टक्के असलेल्यांना ज्या विषयात पीएच.डी. करायची त्याच विषयाची नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देता येते, मग मूळ पदवी कशाचीही असो. मात्र विद्यापीठ अशा उमेदवाराला शिक्षणशास्त्रात घेतं का, हे आधी विभागात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माझ्यासारखे 75 च्या खालचे लोक शिक्षणशास्त्रात एम.ए. करून येतात. इग्नूचं दोन वर्षांचं एम.ए. नोकरीवाल्यांना सोयीचं पडतं.

एक गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. बी.एड. नसताना नुसत्या एम.ए. शिक्षणशास्त्रावर बी.एड. कॉलेजात प्राध्यापक होता येत नाही. तिथं एनसीटीईचे, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे, निकष लागतात. ते स्वप्न असेल तर बी.एड.-एम.एड. हाच सरळ रस्ता.

मेकॅनिकलमध्ये करू की शिक्षणशास्त्रात?

तुम्हाला रात्री कोणता प्रश्न झोपू देत नाही, ते बघा. वेल्डच्या सांध्याला भेगा का जातात, हा प्रश्न असेल तर मेकॅनिकल. वेल्डर ट्रेडला आलेली मुलगी दिवाळीनंतर यायची का बंद होते, हा असेल तर शिक्षणशास्त्र. दोन्हींत पाय ठेवायचा मोह होतो. मी एक वर्ष ठेवला आणि ते वर्ष वाया गेलं.

बढती मिळेल का? पगार वाढेल का?

आयटीआयच्या निदेशक पदाला डॉक्टरेट लागत नाही. तिथं ट्रेडचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा-पदवी, अनुभव आणि सीआयटीएस, म्हणजे निदेशकांचं प्रशिक्षण, बघतात. तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता व्हायला प्रथम वर्गाची अभियांत्रिकी पदवी पुरते. वरच्या पदांवर पीएच.डी.चा फायदा होतो, पण तो संबंधित शाखेतल्या पीएच.डी.चा. शिक्षणशास्त्रातली पदवी मेकॅनिकल विभागप्रमुखाच्या निवडीत मोजली जाईल, असं गृहीत धरू नका. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) 2019 ची अधिसूचना आणि तुमच्या संस्थेचे सेवाप्रवेश नियम शेजारी शेजारी ठेवून वाचा.

थोडक्यात, निव्वळ पगारासाठी करायचं असेल तर हिशेब तोट्याचा आहे. अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समित्या, शिक्षक-प्रशिक्षण, कौशल्य विद्यापीठं, संस्थांचे प्रकल्प या बाजूला जायचं असेल तर पदवी उपयोगी पडते. मला तिच्यामुळं अभ्यासक्रमाच्या टेबलावर खुर्ची मिळाली. पगारपत्रकात फरक शून्य.

प्रवेश परीक्षा कोणती?

जून 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला धरतात. निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (ही संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापक व पीएच.डी. आणि फक्त पीएच.डी. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, आणि तो निकाल प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो. काही विद्यापीठं स्वतःची ‘पेट’, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षाही घेतात, तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे, निम्मे विषयाचे. कोणती परीक्षा चालेल ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकून फॉर्म भरू नका.

नोकरी सोडावी लागेल का?

नाही. अर्धवेळ पीएच.डी.ला नियमांत जागा आहे. त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात: तुम्हाला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, तुमच्या कामातून संशोधनाला वेळ मिळू शकतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.तला नेमून दिलेला अभ्यासक्रम) तुम्हाला कार्यमुक्त करतील.

ही तीन वाक्यं मिळवायला मला अकरा महिने लागले. पहिल्या वेळी फाइल ‘विहित नमुना जोडावा’ म्हणून परत आली. असा नमुना त्या कार्यालयात कुणाकडंच नव्हता. शेवटी मीच मसुदा टाइप करून दिला, नियमाची प्रत जोडली, संबंधित ओळींखाली पेन्सिलनं रेघ मारली, आणि तो तसाच सहीला गेला. तुम्ही पहिल्याच दिवशी हे करा. अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक डायरीत लिहा. आणि प्रवेशाची जाहिरात यायची वाट बघू नका, त्याआधीच अर्ज टाका.

किती वर्षं लागतात?

नियमानं कोर्सवर्क धरून कमीत कमी 3, जास्तीत जास्त 6. फेरनोंदणी करून आणखी 2 मिळतात. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना वर आणखी 2 वर्षं, म्हणजे एकूण 10 पर्यंत. मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा वेगळी मिळते. नोकरीवाल्यानं पाच वर्षं धरून चालावं. तीन वर्षांत उरकतो म्हणणाऱ्याची कार्यशाळा बहुतेक दुसराच कुणी सांभाळत असतो.

कोर्सवर्क अवघड असतं का?

कमीत कमी 12 श्रेयांकांचं असतं, 55 टक्के लागतात. संशोधन पद्धती, संशोधन व प्रकाशनातली नीतिमत्ता, विषयाचं वाचन. संख्याशास्त्राला घाबरू नका. व्हर्निअरवर 0.02 मिमी वाचणारा माणूस प्रमाण विचलन समजून घेऊ शकतो. भीती फक्त चिन्हांची असते.

गाईड कसा शोधायचा?

सहायक प्राध्यापकाकडं 4, सहयोगीकडं 6 आणि प्राध्यापकाकडं 8 विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. आधी जागा आहे का ते विचारा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. शिक्षणशास्त्राच्या बहुतेक मार्गदर्शकांनी आयटीआय आतून पाहिलेली नसते, हा त्यांचा दोष नाही. सगळं क्षेत्र शाळेभोवती फिरतं. मी माझ्या मॅडमना पहिल्या भेटीनंतर कार्यशाळेत घेऊन गेलो. त्या दोन तास बेंचपाशी उभ्या होत्या. नंतरच्या पाच वर्षांत मला ‘हे स्पष्ट करा’ असा शेरा फार कमी मिळाला.

गाईडचा स्वभाव त्यांच्या विषयाइतकाच महत्त्वाचा आहे. त्यांच्याकडं आधी काम केलेल्या दोघांशी चहा घ्या, मग ठरवा.

विषय कसा निवडू?

हा खरा प्रश्न आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

‘महाराष्ट्रातील व्यवसाय शिक्षणाचा चिकित्सक अभ्यास’ असला विषय घेऊ नका. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या, शिवाय तंत्रनिकेतनं आणि बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम. एवढ्या मोठ्या जाळ्यात एकही मासा येत नाही. आपल्या बेंचवरून सुरुवात करा.

माझा विषय असा सापडला. फिटरच्या पहिल्या वर्षी मुलं माइल्ड स्टीलचा तुकडा वाइसमध्ये धरतात आणि कानस मारून चौरस करतात. मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून तो उजेडासमोर धरतात. कडेतून उजेड दिसला की तिथं खड्डा. पहिले तीन आठवडे सगळ्यांचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मध्ये फुगलेला असतो, कारण कानस पुढं जाताना हात झोकांडतो. मी तोंडानं कितीही सांगितलं की ‘दोन्ही हातांचा दाब बदलत जा’, तरी काही होत नाही. आणि मग एका दिवशी कुणाचा तरी हात बसतो. कसा बसला विचारलं तर तो म्हणतो, ‘सर, आवाज बदलला.’

आवाज! बारा वर्षं शिकवत होतो आणि हे माझ्या पाठ-नियोजनात कुठंच नव्हतं. मुलं कानानं शिकत होती आणि मी डोळ्यांना शिकवत होतो. हाच माझा प्रबंध झाला: नवशिका कारागीर जॉब बिघडतोय हे कोणत्या खुणांवरून ओळखायला लागतो.

हा प्रश्न जगात कुणी कुणी हाताळलाय हे बघायला गेलो तर जीन लेव्ह या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंचं काम भेटलं. 1970 च्या दशकात त्यांनी लायबेरियातल्या शिंप्यांच्या हाताखालच्या पोरांचा अभ्यास केला. तिथं पोरं कपडा ज्या क्रमानं तयार होतो त्याच्या उलट्या क्रमानं शिकत होती: आधी हातशिलाई, बटणं, इस्त्री अशी शेवटची कामं, मग मशीन, आणि कापड कापणं सगळ्यात शेवटी. वाचताना मला हसू आलं. आमच्या गल्लीतल्या टेलरकडं नवा पोरगा आला की त्याला काज-बटणच देतात. कात्री हातात यायला वर्ष जातं, कारण बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकलं तर गिऱ्हाईक जातं. आपल्या गल्लीत जे रोज दिसतं ते कुणीतरी नीट लिहिलं, म्हणून ते शास्त्र झालं. आमच्या अभ्यासक्रमात मात्र कापणं आधी आणि बारीक काम नंतर. का? कुणी तपासलंय?

आणखी काही मोकळे प्रश्न सांगतो, हवे तर घ्या. तंत्रनिकेतनात अभ्यासक्रमाच्या ‘आय’ स्कीममध्ये सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण आलं, 2023-24 पासून ‘के’ स्कीम आली; कंपनीत गेलेला विद्यार्थी तिथं दिवसभर नेमकं काय करतो? 1961 च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या छोट्या कारखान्यात शिकवणारा कोण असतो, फोरमन की शेजारचा कामगार? पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून ‘हातानं करत शिकणं’ गावात रुजवलं. तिथून बाहेर पडलेली मुलं वीस वर्षांनी काय करतात? वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची, मांडणी झाली, तेव्हापासून ‘हाताचं काम की पुस्तक’ हा वाद आपण चघळतोय. नव्या शिक्षण धोरणानं 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव द्यायचं म्हटलं होतं. त्याच धोरणात असंही लिहिलंय की 19 ते 24 वयाच्या कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले भारतात 5 टक्क्यांहून कमी, जर्मनीत 75 आणि दक्षिण कोरियात 96 टक्के. हे आकडे भाषणात सगळे वापरतात. एका तालुक्यातल्या दहा शाळांत जाऊन प्रत्यक्ष काय चाललंय ते बघणारे कमी.

प्रश्नावली वाटली की झालं का?

मीही तेच समजत होतो. माझ्याच तुकडीला पाच पर्यायांची प्रश्नावली दिली. चाळीस मिनिटांची होती, बारा मिनिटांत सगळे मोकळे. घरी आणून बघितलं तर ‘निदेशकांचं शिकवणं समजतं’ याला जवळजवळ सगळ्यांनी ‘पूर्णपणे सहमत’. एकानं तर नाव न लिहायच्या जागी ‘आपला आज्ञाधारक’ लिहिलं होतं. सर समोर बसलेत, जर्नलवर सही त्यांचीच हवी. मुलं वेगळं काय लिहिणार?

ते सगळं मी बाजूला ठेवलं. मग दुसऱ्या गावच्या संस्थेत गेलो, जिथं माझ्या हातात कुणाचेही गुण नव्हते. प्रत्येक मुलाच्या शेजारी उभा राहिलो, काम करताना बोलायला सांगितलं, रेकॉर्ड केलं. सहाशे जणांच्या प्रश्नावलीनं जे दिलं नसतं ते अठरा मुलांच्या बोलण्यात मिळालं. संख्या वाईट नाही; पण शिकवणाऱ्यानं आपल्याच विद्यार्थ्यांना विचारलेली संख्या संशयास्पद असते, आणि परीक्षक ते पहिल्या पाच मिनिटांत पकडतात.

आयटीआयला 14 वर्षांपासून प्रवेश असतो, म्हणजे तुमच्यासमोरचे बरेच जण सज्ञान नसतात. पालकांची लेखी संमती घ्या, मराठीत, सोप्या शब्दांत. आणि ध्वनिमुद्रण करायचं असेल तर कंप्रेसरपासून लांबचा बेंच निवडा. माझी पहिली चार रेकॉर्डिंग निव्वळ घरघर आहे.

प्रबंध मराठीत लिहिता येतो का?

शिक्षणशास्त्रात बऱ्याच विद्यापीठांत येतो. मी मराठीत लिहिला. भाषा संचालनालयाचा शिक्षणशास्त्राचा परिभाषा कोश हाताशी ठेवा, पण मुलांच्या तोंडचे शब्द कोशात घालून सोवळे करू नका. मुलं म्हणतात ‘जॉब मारला’, ‘प्ले राहिला’, ‘माप खाल्लं’. हे शब्द म्हणजेच तुमची माहिती. ‘मापनातील न्यूनता’ लिहिलंत की त्यातला हात निघून गेला. इंग्रजीतला सारांश लागतो, तो चांगल्या माणसाकडून तपासून घ्या.

पेपर छापणं सक्तीचं आहे का?

2016 च्या नियमांत होतं, 2022 च्या नियमांनी ती सक्ती काढली. तरीही तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम बघा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळं नियतकालिक चांगलं की भुरटं हे आता आपल्यालाच ओळखायचं आहे. ‘तीन दिवसांत छापू, एवढे एवढे पाठवा’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला की नंबर ब्लॉक करा.

साहित्यचोरीची तपासणी कशी होते?

2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही, त्यापुढं पायऱ्या चढत जातात. आणि प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर जातो, कायमचा. तयार प्रबंध विकणारे आहेत, सगळ्यांना माहीत आहेत. नातवानं उघडून बघितला तर काय दिसेल, एवढाच विचार करा.

पूर्ण ऑनलाइन पीएच.डी. चालेल का?

नाही. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएच.डी.ला मान्यता नाही. परदेशी संस्थेच्या नावानं शिकवणी-कंपन्या देतात त्या ऑनलाइन पीएच.डी.बद्दल यूजीसीनं ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर इशाराही दिला आहे.

पैशाचं काय?

पूर्णवेळ करणाऱ्या जेआरएफधारकाला महिना 37,000 रुपये मिळतात, पुढं 42,000. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिराती आणि मुदती डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात. नोकरीवाल्याला यातलं काही नाही. शुल्क तुलनेनं कमी असतं. खिसा रिकामा होतो तो प्रवास, झेरॉक्स, टंकलेखन आणि बाइंडिंगनं. संदर्भांच्या नोंदींसाठी झोटेरो आणि संख्याशास्त्रासाठी जमोव्ही फुकट मिळतं, त्यामुळं महागड्या सॉफ्टवेअरच्या मागं लागू नका.

घरचे काय म्हणतात?

माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मी पुन्हा नापास होतोय, म्हणून एवढी वर्षं अभ्यास चाललाय. बायकोनं ध्वनिमुद्रणं ऐकून अर्धी लिहून काढली. ऋणनिर्देशात तिचं नाव शेवटी लिहायची पद्धत आहे. मी पहिलं लिहिलं.

व्हायवाला काय विचारतात?

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. तुमचा प्रबंध तुम्हाला येत असतो, त्यामुळं अवघड प्रश्न प्रबंधाबाहेरचे येतात. मला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘हा आवाज तुम्ही म्हणता तो कसा असतो?’ मी तोंडानं सांगायला लागलो आणि अडकलो. पिशवीत नमुन्यासाठी आणलेला जॉब आणि बारा इंची बास्टर्ड (जाडसर दातांची) कानस होती. टेबलाच्या कडेला जॉब डाव्या हातानं दाबून धरला आणि चार हात मारले, आधी चुकीचे, मग बरोबर. परीक्षक उठून जवळ आले, म्हणाले, ‘पुन्हा एकदा.’ मागं बसलेली आमची दोन पोरं खुसखुसत होती, कारण वाइस नसल्यानं दुसऱ्यांदा सरांचाच हात झोकांडला.

टेबलाच्या पॉलिशवर पडलेल्या ओरखड्याबद्दल मला नंतर विभागाच्या शिपायाकडून ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा कानस नेणार असाल तर खाली घालायला गोणपाट न्या.